इटलीच्या झाडाला एक तांब्या

माझं सासर कृष्णेच्या काठी, सांगलीपासून अडीच-तीन कोसांवर. घरचा ऊस, घरची हळद, मोटेची विहीर, आणि नदी हाकेच्या अंतरावर. माझं माहेर सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या अंगाला. तिथं पाहुणा आला की गुळाचा खडा लगेच पुढं व्हायचा आणि पाण्याचा तांब्या मागाहून, जरा विचार करून. लग्न होऊन आले तेव्हा मला पहिलं नवल वाटलं ते या पाण्याचंच. इथली माणसं पाणी वापरत नसत, उधळत. कुणी रागावलं, पाणी पी. कुणी रडलं, पाणी पी. पोराच्या पोटात दुखतंय, पाणी पी. उसाचं पान जरा पिवळं दिसलं की मोट सोडलीच. माझे वडील शाळामास्तर होते आणि त्यांनी घरामागं डाळिंबाची सात झाडं लावली होती. त्या सात झाडांना वर्षात जेवढं पाणी मिळत असेल तेवढं माझ्या सासरी सकाळच्या अंघोळींना लागायचं.

हे सगळं सांगायचं कारण, इटलीचं झाड. त्याचं रोझमेरी हे नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा ते आम्हा सगळ्यांना इटलीचं झाड, एवढंच ठाऊक होतं.

लग्नानंतर अकराव्या दिवशी आमचे हे पलटणीत परत गेले. मला नवरा कसा दिसतो हे नीट बघायला मिळायच्या आत नवरा गेला. मग लढाई लांबली आणि ते आधी कुठल्या वाळवंटात, मग समुद्रापलीकडं इटलीत गेले. तिथं मांडीत गोळी लागली. पुण्याच्या इस्पितळात दोन महिने काढून ते घरी आले ते तीन वर्षांनी, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पन्नास सिगारेटींचा रिकामा गोल डबा घेऊन. डब्यात माती होती आणि मातीत वीतभर उंचीचं, काडीसारखं एक झाड.

दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्यांनी लेकाला सांगितलं, हातातलं खाली ठेव. यांनी ट्रंक ठेवली, डबा ठेवला नाही. "मोडंल आई," म्हणाले. मग आत्याबाईंनी भाकरतुकडा डब्यासकट ओवाळला, पायावर पाणी घातलं, आणि चार थेंब डब्यातही शिंपडले. पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात त्या चार थेंबांपासून झाली असं माझं ठाम मत आहे.

"कसलं झाड हे?" मामंजींनी विचारलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर हवालदार.

"तिथल्या एका म्हातारीनं दिलं. आमी तिच्या घरात उतरलो हुतो."

एवढंच. हे बोलायचे कमी, आणि मामंजींच्या मते शिपायानं आणलेल्या वस्तूची चौकशी करायची नसते. त्यामुळं ते झाड कशासाठी असतं, हा साधा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नाही. मी विचारला असता, पण माझ्याशी तरी ते कुठं बोलत होते? रजेचे सहा आठवडे त्यांनी जास्त वेळ झाडाशेजारी बसून काढला. सकाळी ते उन्हात ठेवायचे, बोटानं माती चाचपायचे, पान चुरगळून वास घ्यायचे. पानं बारीक, टोकदार, वरून गर्द हिरवी आणि खालून पांढुरकी. वास कापराच्या जवळचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मनात म्हणायची, चांगलं आहे, तीन वर्षांनी नवरा आला आणि सवत घेऊन आला. तीही डब्यातून.

पुन्हा पलटणीत जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते हुडवीपाशी, म्हणजे गोवऱ्यांच्या ढिगापाशी आले. मी शेणी रचत होते. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, "त्येला ऊन लय पायजे. पानी बेतानं. मातीत बोट घालून बघायचं, ओलं लागलं तर घालायचं न्हाई. तुझ्या ध्येनात ऱ्हाईल, तू शिकलेली हाईस."

सहा आठवड्यांत ते माझ्याशी सलग बोललेलं हे सर्वांत मोठं भाषण. त्यात मी कशी आहे, मला इथं करमतं का, असलं काही नव्हतं. तरी मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू. घरात एवढी माणसं असताना त्यांनी झाड माझ्या हवाली केलं होतं. शेणानं भरलेले हात पदराला पुसून मी मान हलवली.

अडचण एवढीच की त्यांनी त्याच संध्याकाळी आईलाही सांगितलं होतं, "आई, झाड जप." आणि आईला बोटाचं काही सांगितलं नव्हतं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी रॉकेलचा डबा मधोमध कापून आणला. आत्याबाईंनी त्यात मळीची काळीभोर माती भरली, नदीकाठची, हाताला लोण्यासारखी लागणारी. उसाला याहून चांगली माती नाही. झाड त्यात लावलं, डबा तुळशीच्या कट्ट्यावर तुळशीशेजारी ठेवला, आणि अंघोळ करून, ओल्या केसांनी, तुळशीला एक तांब्या आणि इटलीच्या झाडाला एक तांब्या पाणी घातलं. वर हळदकुंकू वाहिलं. मग हात जोडून, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "माझं लेकरू ह्येच्यासंगं मरणाच्या दारातनं माघारी आलं. ह्येच्यात त्येचा जीव हाय. हे हिरवं हाय तवर त्येला काय हुत न्हाई."

मला हसू आलं. मी मास्तरांची मुलगी, सातवी पास. झाडात माणसाचा जीव असतो हे आमच्या शास्त्राच्या पुस्तकात कुठं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मातीत बोट घातलं तर बोट पहिल्या पेरापर्यंत चिखलात गेलं, आणि आत्याबाई तांब्या घेऊन येतच होत्या, तेव्हा हसू जिरलं.

सुनेनं सासूला, बाई पाणी घालू नका, असं तोंडावर सांगायचं ते दिवस नव्हते. मी आडून सुरुवात केली. भाकऱ्या थापताना म्हणाले, "आत्याबाई, आमच्याकडं डाळिंबाला ताण देत्यात. दोन-दोन म्हैनं पानी तोडायचं. मग झाड कसं जोमानं येतं."

"तुमच्याकडं पानीच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आन म्हनं ताण देतो."

घरात सगळे हसले. मामंजींना तर हसून ठसका लागला, आणि त्यांना पाणी दिलं गेलं.

मग मी डावपेच बदलला. दुपारी आत्याबाई लवंडल्या की खिळा आणि वरवंटा घेऊन मी डब्याच्या बुडाला चार भोकं पाडली. संध्याकाळपर्यंत पाणी छान निथळलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी तांब्या रिता केल्यावर कट्ट्यावरून ओघळ येताना आत्याबाईंना दिसला. "अगं बया, डबा गळतोय!" म्हणत त्यांनी बुडाला शेण आणि माती कालवून असा गिलावा दिला की नदीला बांध घालायलाही चालला असता. वर मला म्हणाल्या, "बघितलंस? पोराचं पानी वाहून चाललं हुतं."

एकट्या आत्याबाई असत्या तर मी निभावून नेलं असतं. पण आमच्या आळीतल्या नऊ घरांतली पोरं पलटणीत होती. कुणाचा ब्रह्मदेशात, कुणाचा अरबांकडं, कुणाचा कुठं हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी झाडाची महती नदीवर सांगितली. चार दिवसांत धुणं घेऊन येणारी, घागर भरून जाणारी एकेक आई आमच्या अंगणात वळायला लागली. "आमच्या धाकल्याच्या नावानं एवढा एक तांब्या घालू का?" असं कुणी विचारलं तर आत्याबाईंच्यानं नाही म्हणवत नसे. शिपायाच्या आईनं शिपायाच्या आईला नाही कसं म्हणायचं? शेजारच्या जैनांच्या घरातल्या अक्काही आल्या. त्यांचा भाचा पलटणीत कारकून होता. त्यांनी आणलेलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं होतं, त्यात एक जीव मरायला नको म्हणून. ज्या जिवाला ते घालत होत्या त्याचा जीव चालला होता, पण हे त्यांना कोण सांगणार.

म्हणजे सकाळी दहा वाजेपर्यंत झाडावर दहा तांबे पडायचे. कधी बारा. मी रोज बोट घालायची. बोट बुडायचं.

मामंजींकडं तक्रार न्यायची हिंमत मी एकदाच केली. त्यांनी झाडासमोर उभं राहून, हात मागं बांधून, त्याची तपासणी केली. "पिवळं पडाय लागलंय खरं," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पर सूनबाई, ते खातं तिच्याकडं हाय. मी बसऱ्याला जाऊन आलो, पर त्या खात्यात मी हात घालत न्हाई."

पावसाळा तोंडावर आला तशी मला धास्ती पडली. नवरा येऊन विचारेल, झाड कुठं आहे? आणि मी काय सांगू, तुमच्या आईनं बुडवलं? तेव्हा मला वडिलांच्या डाळिंबाची आठवण झाली. ते जून-कोवळ्याच्या मधली फांदी काढून कलम लावायचे. एका दुपारी मी झाडाच्या चार बोटं लांबीच्या तीन काड्या कापल्या, खालची पानं ओरबाडून काढली, आणि हुडवीच्या मागं गेले. तिथं फुटक्या घागरीचा गळा पडला होता. तो जमिनीत रोवला, त्यात नदीची वाळू, थोडा विटेचा चुरा, मूठभर साधी माती भरली. वाळू मी भांडी घासायला म्हणून आणलेलीच होती. काड्या खोचल्या, वर पंधरा दिवस पोत्याची सावली केली. पावसात त्यावर कौलाचा तुकडा आडवा ठेवला. तिथं कुणी येत नसे. हुडवीची ऊब, भिंतीची धग, आणि पाणी आठवड्यातून एकदा, चूळ भरून उरलेलं.

दोन काड्या वाळल्या. तिसरीला महिन्या-दीड महिन्यानं शेंड्यावर नवं पान फुटलं. मी तिथंच बसकण मारली आणि हसत सुटले. मोठा आनंद झाला मला, पोटातून. पहिल्या मुलाच्या वेळीही एवढा... असू दे, तो मुलगा हे वाचेल.

कट्ट्यावरचं झाड मात्र पावसाळ्यात बसलं ते बसलंच. खालची पानं काळी पडून गळाली. आत्याबाईंना वाटलं झाडाला काहीतरी कमी पडतंय. त्यांनी पाण्यात दूध घालायला सुरुवात केली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हळदीचं पाणी. गुळाचंही एकदा. मुंग्या आल्या.

आणि त्याच सुमारास पत्रं यायची थांबली.

हे आता ब्रह्मदेशाकडं होते. एरवी पंधरा दिवसांनी, उशिरात उशिरा महिन्यानं कार्ड यायचं. दसरा गेला, कार्ड नाही. दिवाळी गेली, नाही. मामंजी रोज चावडीवर जाऊन पोस्टमनची वाट बघायचे आणि घरी येऊन, "टपालाला येळ लागतो लढाईत," असं सगळ्यांना न विचारता सांगायचे. आत्याबाई बोलायच्या बंद झाल्या. त्या सकाळी झाडापाशी बसायच्या आणि पानं मोजायच्या. आधी मनात मोजायच्या, मग ओठ हलायला लागले, मग मोठ्यानं. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी भाकरी वाढली की म्हणायच्या, "त्येनं खाल्लं असंल का गं?"

मला तेव्हा कळलं की ही गंमत राहिलेली नाही. झाड गेलं तर या बाई उठायच्या नाहीत. कट्ट्यावरच्या डब्यात आता एक तपकिरी काडी आणि शेंड्याला पाच-सहा मरतुकडी पानं होती. माझ्या हुडवीमागं टवटवीत, दोन विती उंच, डेरेदार झाड उभं होतं. करायचं काय हे सरळ होतं. एका दुपारी जुनं उपटायचं, नवं त्याच डब्यात लावायचं, आणि गप्प बसायचं.

तरी मी आठ दिवस हात लावला नाही. का, ते सांगायला मला आजही लाज वाटते. डब्यापाशी जायची, काडी धरायची आणि सोडून द्यायची. कारण जुनं झाड उपटताना मला वाटायचं, उपटलं आणि तिकडं यांना काही झालं तर? सातवी पास मी. शास्त्राचं पुस्तक पाठ. आणि एका वाळल्या काडीला हात लावायला घाबरत होते. आत्याबाईंना हसले होते त्याचं मला पुरेपूर माप मिळालं.

नवव्या दिवशी शेवटची पानं गळाली. आत्याबाई सकाळी नदीवर गेल्या होत्या. त्या यायच्या आत करायलाच हवं होतं. मी डोळे मिटून काडी उपटली. मुळं राहिलीच नव्हती, सगळा काळा लगदा. डब्याच्या बुडाचा गिलावा खिळ्यानं फोडला, काळी माती बाहेर ओतली, वाळू आणि विटेचा चुरा भरला. हुडवीमागून झाड मातीच्या गोळ्यासकट आणलं आणि डब्यात बसवलं. एका हातात मेलेली काडी, दुसरा हात चिखलानं भरलेला, अशी मी उकिडवी बसले होते आणि मागून आवाज आला.

"काय करतीस?"

आत्याबाई घागर घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं घागर आता सुटणार. सुटली नाही. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, माझ्या हातातली काडी घेतली, तिचं कुजलेलं बूड बघितलं, मग डब्यातलं झाड बघितलं.

"हे कुठलं?"

"त्याचीच काडी लावली हुती. हुडवीच्या मागं."

"कवा?"

"हे गेल्यावर म्हैन्यानं."

"पानी कुणी घातलं?"

"मीच. आठवड्यातनं एकदा. थोडंसं."

त्या कट्ट्याच्या कडेला टेकल्या. "म्हंजी मीच बुडवला व्हय गं त्येला," म्हणाल्या. "रोज तांब्या घालून घालून मीच बुडवला."

त्या झाडाबद्दल बोलत नव्हत्या. त्या हुंदके देऊन रडल्या. आजवर मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, गोळी लागल्याची तार आली तेव्हासुद्धा. आत्तापर्यंत मी त्यांचं पाणी अडवायला किती युक्त्या केल्या होत्या, आणि आता हे पाणी मला अडवता येईना. शेवटी मी त्यांच्या पायाशी बसले आणि मला जे खरं वाटत होतं तेच बोलले.

"आत्याबाई, हे दुसरं झाड न्हवं. कांडं लावून केलेला ऊस दुसरा असतो व्हय? तुमी दरसाल बेणं लावता, त्योच ऊस असतो का न्हाई? ह्ये त्येच झाड हाय. मेलं न्हाई ते. हिकडनं उठून तिकडं गेलं हुतं, आता माघारी आलं."

बेणं म्हणजे लागणीसाठी तोडलेली उसाची कांडी. साता जन्मांचा ऊसवाला माणूस, दुसरं काही पटलं नाही तरी हे पटतंच. आत्याबाईंनी पदरानं नाक पुसलं. पुन्हा झाडाकडं बघितलं. एक पान चुरगळून वास घेतला. मग लेकानं घेतला होता तसा दुसऱ्यांदा घेतला.

"बोट कसं घालायचं म्हनालीस?" त्यांनी विचारलं.

मी काहीच म्हणाले नव्हते, रोज बोट घालताना त्यांनी बघितलं असणार. मी दाखवलं.

त्या दिवसापासून खात्याचा कारभारच उलटा झाला. आत्याबाई सकाळी झाडाजवळ काठी घेऊन बसायच्या. कुणाची आई तांब्या घेऊन आली की दुरूनच, "तिथंच थांब! बोट घालून बघितल्याबिगर थेंब पडायचा न्हाई." बोट त्याच घालायच्या, आणि बोट नेहमी ओलंच निघायचं, कोरड्या मातीतूनसुद्धा. पण आलेल्या आईला रित्या हातानं पाठवायचं नाही हेही होतंच. मग त्यांनी तोड काढली. "पानी केळीला घाल आन नाव ह्येचं घे. पोचतंय." न्हाणीच्या वाटेवर आमची एक मरतुकडी केळ होती. तिला त्या वर्षी एवढा मोठा घड आला की खालून टेकू द्यावा लागला. अक्कांचं गाळलेलं पाणीही केळीलाच जायचं. नवल म्हणजे एकाही आईनं तक्रार केली नाही. तांब्या कुठं रिता होतो यापेक्षा तो रिता करायला मिळतो, एवढं त्यांना पुरत असावं.

झाड लावल्यावर तीन आठवड्यांनी कार्ड आलं. हे हिवतापानं इस्पितळात पडले होते, आता बरे होते. मामंजींनी कार्ड चारदा वाचून दाखवलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लागण केल्यावर मूळ धरंस्तवर येळ लागतोच." त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून रडले.

लढाई संपली तरी यांना सुटून यायला आणखी वर्ष लागलं. तोवर झाड कमरेएवढं झालं होतं. त्याला निळी, अगदी चिमुकली फुलं आली होती. पण त्याचं एक पान कुणाला तोडू द्यायच्या नाहीत आत्याबाई. गळलेली पानंसुद्धा उचलून देव्हाऱ्यात ठेवायच्या. एकदा शेळीनं शेंडा खुडला तर शेळी दुसऱ्या दिवशी बाजारात गेली. सासर-माहेर करताना मी एक फांदी वडिलांसाठी मागितली तर म्हणाल्या, "त्येचं बोट तोडून देऊ का तुला?"

हे आले तेव्हा दारात भाकरतुकडा झाला, आळी लोटली, मामंजींनी यांना उभं करून चारी बाजूंनी बघितलं. आत्याबाईंनी लेकाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, एकदा जखमेच्या मांडीवरून, आणि मग आत जाऊन मटणाची तयारी सुरू केली. माझ्या हातात वरवंटा दिला. हे अंगणात झाडासमोर जाऊन उभे राहिले. मी मसाला वाटता वाटता खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, आता तरी बोलतील काहीतरी. बघतील तरी माझ्याकडं, एवढं झाड केलं मी.

त्यांनी खरंच वळून खिडकीकडं बघितलं आणि हसले. मग खिशातून चाकू काढला, झाडाची हातभर लांब फांदी धरली आणि कापली.

माझा वरवंटा थांबला. आळीतल्या बाया अजून अंगणात होत्या, त्यातली एक मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाली. हे दुसरी फांदी चाचपत होते.

"अरं अरं! काय करतोस?" मामंजी ओरडले.

"मटनात घालायला," हे म्हणाले. त्यांना कळेना सगळे असे का बघताहेत. "ती म्हातारी बटाट्यात घालायची, मटनात घालायची. लय झकास लागतं. म्हनून तर आणलं हुतं. तुमी कधी घातलं न्हाई?"

अक्कांनी कानांवर हात ठेवले, ते मटणाच्या नावानं की झाडाच्या, मला ठाऊक नाही. दोन वर्षं नऊ आयांनी हळदकुंकू वाहिलेलं, दूध पाजलेलं, काठी घेऊन राखलेलं झाड फोडणीतलं निघालं होतं. मी आत्याबाईंकडं बघायला घाबरत होते.

आत्याबाई चुलीपासून उठून अंगणात आल्या. हातात उलथनं तसंच होतं. मी त्यांच्यामागं. आज हा मार खाणार, तिशीच्या घरात आलेला, लढाई मारून आलेला शिपाई, आळीसमोर, असं मला पक्कं वाटलं. त्या लेकाजवळ गेल्या. त्याच्या हातातली फांदी बघितली, मग त्याच्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश.

"काप," त्या म्हणाल्या. "लागंल तेवढं काप. आता कशाला राखायचं त्येला."

आणि कापताना डबा हलायला लागला तसं उलथनं काखेत मारून त्यांनीच तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.